15 दिवसांत 7 किलो? कळंबकरांनो, आधी हिशेब मांडा!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा ठेवा, जमलं तर बिनसाखरेचा, आणि शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या पोटाचा आहे, अगदी शब्दशः.

आपल्या कळंबमध्ये सध्या एक धंदा जोरात आहे. वजन उतरवण्याचा. रोज सकाळी व्हॉट्सअॅप उघडलं की कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला 'आधी आणि नंतर'चे फोटो. "15 दिवसांत 7 किलो, गॅरंटी." "व्यायाम नको, पथ्य नको." कुणी पावडर विकतंय, कुणी पोटाला बांधायचा पट्टा, कुणी 'आयुर्वेदिक' चहा. आता तर "ते इंजेक्शन मिळंल का हो?" म्हणून लोक मेडिकलच्या काउंटरवर विचारायला लागलेत. ज्या घरात लेकराच्या ट्यूशनची फी दोन हप्त्यांत भरली जाते, त्या घरातून महिन्याला तीन-चार हजार रुपये डब्यातल्या पावडरवर जातायत.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. एक, ही दुकानदारी आपल्या लाजेवर चालते आणि ती थांबली पाहिजे. दोन, वजन हा फक्त ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीचा प्रश्न आहे असं म्हणून गावानं आणि कारभाऱ्यांनी हात झटकणंही थांबलं पाहिजे.

आधी हिशेब.

शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 7 किलो चरबी म्हणजे जवळपास 54 हजार. 15 दिवसांत ती जाळायची तर दिवसाला 3,600 कॅलरी कमी पडल्या पाहिजेत. आता आपल्यासारख्या दुकानात, ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसाला लागतातच मुळी दोन-सव्वादोन हजार. म्हणजे पंधरा दिवस पाण्याचा थेंब सोडून काहीच पोटात घातलं नाही, तरी 7 किलो चरबी जात नाही! मग काटा खाली कसा येतो? सोपं आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, साधारण 400-500 ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम तिप्पट पाणी धरून बसतो. खाणं एकदम तोडलं की पहिल्या आठवड्यात हा साठा आणि ते पाणी निघून जातं. झाले दीड-दोन किलो. त्यात मीठ कमी झालं की अजून थोडं पाणी गेलं. उरलेल्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि ज्या दिवशी तुम्ही पुन्हा वरण-भात खाता, त्या दिवसापासून पाणी परत. विकणारा म्हणतो, "बघा, पावडर सोडली की वजन वाढलं. पुढचा डबा घ्या." पाणी विकून पैसे कमावायची ही युक्ती आपल्या टँकरवाल्यांनाही सुचली नव्हती.

आता कायद्याचं बोलू. औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. ज्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकांना हे कळत होतं. यावर पावडरवाले काय म्हणतात? "आमचं औषध नाहीच, आहार आहे." बरं, आहार तर आहार. मग 2006 चा अन्न सुरक्षा कायदा लागू होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे डगरीवर कुठल्याही पाय ठेवा, कायदा आहेच. तक्रार करायची जागा अन्न व औषध प्रशासन. फेकू जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि डब्यावरचा परवाना क्रमांक जपून ठेवा. ज्या डब्याची पावतीच मिळत नाही, तो घरात आणूच नका.

दुसरा मुद्दा आपल्या मराठी माणसाच्या आवडीचा. दीक्षित की दिवेकर?

2018 च्या आसपास महाराष्ट्रात घराघरांत दोन पार्ट्या पडल्या होत्या. एका बाजूला आपल्या शेजारच्या लातूरशी नाव जोडलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा, आणि रोज 45 मिनिटं चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं म्हणणं, थोडं थोडं वेळेवर खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला घाबरू नका. दोघांच्या नावानं लग्नाच्या पंगतीत भांडणं झालेली मी बघितलीत. एक पाहुणा पानावर बसायलाच तयार नाही, दुसरा दर दोन तासांनी पिशवीतून शेंगदाणे काढतोय.

पण त्या भांडणात कुणी नीट ऐकलंच नाही. दोघांच्या सांगण्यातला सामाईक भाग बघा. दिवसभराचा गोड चहा आणि त्यासोबतची बिस्किटं, खारी, फरसाण हे दीक्षितांच्या पद्धतीत बसत नाही, आणि पाकिटातलं खाणं दिवेकरांच्या पद्धतीतही बसत नाही. घरचं ताजं अन्न दोघांनाही चालतं. हालचाल दोघांनाही हवी. ज्यांचं वजन उतरलं, त्यांचं बरंचसं इथंच उतरलं. 2022 मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 139 स्थूल माणसांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. अर्ध्यांनी त्या दिवसातल्या आठ तासांतच खाल्ल्या, अर्ध्यांनी हव्या त्या वेळी. वजन दोन्ही गटांचं उतरलं आणि फरक नगण्य निघाला. म्हणजे घड्याळ हे एक साधन आहे. ज्याला त्यानं खाणं आवरतं, त्यानं घड्याळ लावावं. ज्याला नाही आवरत, त्यानं स्वतःला पापी समजू नये.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. दीक्षितांनी स्वतःच सांगितलंय की ही पद्धत 18 वर्षांखालच्या लेकरांसाठी नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मायांसाठी नाही, आणि सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करा. आपण काय केलं? तपासणीचं वाक्य गाळलं आणि बाकीचं फॉरवर्ड केलं. ज्याला इन्सुलिन चालू आहे किंवा साखरेच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यानं डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर साखर एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. उपवासाच्या दिवशी हे घडतं. ही चेष्टेची गोष्ट नाही.

आता जरा खोलात जाऊ. "आमच्या आज्ज्याला कुठं होती शुगर? तुम्ही पोरं आळशी झालात." हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचाही बीएमआय सारखा, 22.3. दोघंही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही मोजली. आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी, स्नायूंनी कमी, पण चरबीच्या मानानं तेवढी कमी नाहीत. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ शरीर विसरत नाही. पुढं त्याच शरीराला भरपूर खायला मिळालं आणि काम कमी झालं, की चरबी थेट पोटावर बसते.

आता हे आपल्या भागाला लावून बघा. 1972 च्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आयांची लेकरं आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या हातात आता मोटारसायकल आहे, समोर वडापावचा गाडा आहे, आणि चहात साखर आहे. ज्या शरीरानं उपासमार सोसली, त्याच शरीरावर आज ढेरी आहे. त्याला 'आळशी' म्हणून हसणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणूनच आपल्यासाठी मोजमापही वेगळं आहे. आशियाई माणसासाठी बीएमआय 23 च्या पुढं गेला की सावध व्हायचं. आणि काट्यापेक्षा टेप महत्त्वाची. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. टेप बेंबीच्या पातळीवर धरा, पोट आत ओढू नका, फसवायचंय कुणाला?

आकडे लहान नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 ला देशातल्या 20.6 टक्के स्त्रिया आणि 18.9 टक्के पुरुष जादा वजनाचे होते. 2019-21 ला ते 24 आणि 22.9 टक्के झाले. आयसीएमआरच्या 2023 साली छापून आलेल्या अभ्यासानं देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं, आणि पोटाचा घेर जादा असलेले जवळपास 40 टक्के. हा आता फक्त मुंबई-पुण्याच्या शेठजींचा आजार राहिला नाही.

मग करायचं काय? फुकटचं सांगतो, डबा विकत घ्यायची गरज नाही.

पहिलं, साखर. एका कपात दोन चमचे, दिवसात पाच कप. पन्नास ग्रॅम साखर, 200 कॅलरी. महिन्याला एका माणसाच्या नुसत्या चहात दीड किलो साखर! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत आणलीत तर उत्तम. ऊस पिकवणारा तालुका आहे आपला, रांजणीला, हावरगावला कारखाने आहेत, मान्य. पण ऊस पिकवतो म्हणून सगळी साखर आपणच संपवायची, असा काही करार झालेला नाही. पाचाचे तीन कप करा, दोनाचा एक चमचा करा. महिनाभरात जीभ सरावते.

दुसरं, तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा डबा संपत असेल तर माणशी दिवसाला 38 ग्रॅमच्या आसपास तेल झालं, म्हणजे साडेतीनशे कॅलरी. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल 10 टक्क्यांनी कमी करा म्हणून आवाहन केलं होतं. पक्ष कुठलाही असो, सल्ला बरोबर आहे. किटलीतून ओतणं बंद करा, चमच्यानं मोजून घाला. येवढंच.

तिसरं, ताट. इथं आपल्या लाडक्या भाकरीबद्दल खरं बोलतो, राग मानू नका. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. "भाकरी खा आणि बारीक व्हा" हीसुद्धा एक पावडरच आहे. भाकरीचा गुण तिच्या सोबतीत आहे. भाकरीबरोबर उसळ येते, पालेभाजी येते, कांदा, ताक येतं, आणि ती चावून खावी लागते. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, पिठलं, दही किंवा अंडी, आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर डाळ-उसळ कमी करून चालत नाही. आणि रात्रीचं जेवण मालिका बघत नको, हात थांबत नाही.

चौथं, चालणं. इथंही फसवणूक आहे. पाऊण तास भरभर चालल्यावर साधारण 150 ते 200 कॅलरी जातात, आणि परत येताना एक वडापाव खाल्ला की 300 आत. नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही. पण उतरलेलं टिकवायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवली जाते, किमान 13-14 किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्या माणसांची. त्यांच्यात बहुतेकांत दोन सवयी सापडतात. रोज तासभराची हालचाल, आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभं राहणं.

पाचवं, धीर. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. 80 किलोच्या माणसानं सहा-आठ महिन्यांत 4 ते 8 किलो उतरवले तरी बीपी आणि साखर दोन्ही हलतात. वजन उतरलं की भूक वाढते, हा तुमचा दुबळेपणा नसतो. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरवल्यानंतर वर्षभरानंही भुकेची संप्रेरकं चढलेलीच असतात. शरीर गेलेलं परत मागतं. म्हणून जी गोष्ट पाच वर्षं करता येणार नाही, ती पंधरा दिवसही करू नका. आणि काटा नाही हलला तरी हिरमुसू नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत 28.5 टक्क्यांनी घटलं. हे 2006 साली छापून आलंय.

इंजेक्शनबद्दल. मौंजारो मार्च 2025 मध्ये आपल्या देशात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. ही औषधं खरी आहेत, थोतांड नाही. ज्याला आजारपणाचा लठ्ठपणा आहे, त्याला डॉक्टरनं दिलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चिठ्ठीशिवाय घ्यायची ही वस्तू नव्हे. आणि वेगोव्हीतल्या औषधाच्या अभ्यासात असं दिसलं की ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. लग्नाच्या तारखेआधी चार टोचून घ्यायची ही गोष्ट नाही.

आता गावाकडं येतो, कारण सगळ्यात जास्त राग तिथं आहे.

"रोज चाला" म्हणणं सोपं आहे. कुठं चालायचं, साहेब? पहाटे पाचला ढोकी रोडला, येरमाळा रोडला बाया घोळक्यानं चालायला निघतात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात, मागं रिफ्लेक्टर असलाच तर नशीब. अंगावर प्रकाश पडला की बाया रस्ता सोडून काट्यात उतरतात. हा व्यायाम म्हणायचा की जिवाचा खेळ? आपण कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी माणसं. चालायचा कंटाळा आपल्या रक्तात नाही. जागा नाही.

म्हणून नगरपरिषदेत कुणीही बसो, कुठल्याही पक्षाचा, माझ्या चार मागण्या आहेत.

1) प्रत्येक मंजूर लेआउटमध्ये नियमानं मोकळी जागा सोडावी लागते, मोठ्या लेआउटला 10 टक्के. शहरातल्या अशा सगळ्या ओपन स्पेसची यादी सर्व्हे नंबरसह जाहीर करा. कुठं अतिक्रमण, कुठं उकिरडा, तेही लिहा. त्यातल्या निदान दोन जागांवर यंदा मुरमाचा चालायचा ट्रॅक आणि दिवे लावा. झोपाळे, कारंजी, स्वागत कमान नको. मुरूम आणि दिवा बास.

2) शाळा-कॉलेजांची मैदानं पहाटे आणि संध्याकाळी ठरावीक वेळ गावासाठी उघडा. त्यातली एक वेळ फक्त बायांसाठी ठेवा.

3) शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायला 2020 च्या नियमांनी मनाई आहे. टेप घेऊन एकदा मोजा. गाडेवाल्याच्या पोटावर पाय देऊ नका, त्याला पर्यायी जागा द्या, उकडलेली शेंग, चणे विकायला मदत करा. पण मोजा.

4) तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-साखर तपासणी ही सरकारी योजना आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्ये कंबरेच्या मापाचा रकानाही आहे. उपजिल्हा रुग्णालयात आणि आरोग्य मंदिरांत आठवड्यातला एक वार वजन-कंबर-आहार सल्ल्यासाठी ठरवा आणि दर्शनी भागात बोर्ड लावा. माणसाला 'क्लब'मध्ये जे मिळतं ते म्हणजे कुणीतरी आपुलकीनं दर आठवड्याला वजन विचारतं. तेच काम सरकारी दवाखान्यानं केलं, तर अर्धे क्लब आपोआप बंद पडतील.

काही जण म्हणतील, गावात प्यायला पाणी वेळेवर नाही, सोयाबीनला भाव नाही, आणि तुला ढेरीचं पडलंय. त्यांना एवढंच सांगतो, डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या शेतकऱ्याचं सोयाबीन कुणी काढत नाही. एका माणसाची किडनी गेली की दोन एकर रान जातं. हा शेतीचाच प्रश्न आहे, फक्त जरा उशिरा कळणारा.

आणि ज्यांनी ओळखीपाळखीत डबे विकलेत, त्या ताया-दादांनाही शिव्या द्यायचा माझा हेतू नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना "घरबसल्या वीस हजार" म्हणून त्या साखळीत ओढलंय, आणि न खपलेले डबे त्यांच्याच कपाटात पडलेत. वरचा खातो, खालचा भरतो. त्यांनी आता गप्प न बसता पावत्या घेऊन पुढं यावं. तक्रारीचा अर्ज लिहायला मी मदत करतो.

तोवर आपण एवढं करू. या रविवारी घरातल्या शिवणाच्या टेपनं सगळ्यांच्या कंबरा मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरोबर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि तुमच्या लेआउटची ओपन स्पेस कुठंय, तिथं आज काय आहे, त्याचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका. वीस फोटो जमले की ते घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांकडे निवेदन द्यायला जाणार आहे. सोबत कोण कोण येतंय ते सांगा. आणि हो, चालतच जाऊ.